वाड्याची भिंत: सिमेंटचा गिलावा की चुन्याचा?

वाईतल्या आमच्या वाड्याच्या ओसरीची भिंत मी दोनदा गिलावा करून घेतली. आधी सिमेंटने, नऊ वर्षांनी चुन्याने. तुमचा वाडा पांढऱ्या मातीचा असेल आणि तुम्ही याच विचारात असाल, तर माझा अनुभव सांगतो.

सिमेंटचं काम चार दिवसांत उरकलं. गवंडी गावातलाच, माल कोपऱ्यावरच्या दुकानातला. दोन वर्षं भिंत देखणी दिसली. मग पावसाळ्यात ओल वर चढू लागली. पूर्वी ती जोत्यापासून हातभर येऊन थांबायची, आता खिडकीच्या उंबऱ्याला टेकली. मातीची भिंत जमिनीतलं पाणी ओढणारच. पण ते बाहेर पडायची वाट सिमेंटने बंद केली होती. दर भाद्रपदात, नेमकं मखर मांडायच्या वेळी, पोपडे पडायचे. नुसते पोपडे असते तर चाललं असतं. प्रत्येक पोपडा मागची पांढरी माती घेऊन खाली यायचा. एकदा खांबाशेजारी पडलेल्या भोकात माझा कोपरापर्यंत हात गेला आणि आतल्या सागवानाचा बुंधा बोटाने दाबला जात होता. त्या दिवशी माझ्यापुरता निर्णय झाला.

चुन्यालाही त्रास आहेच. जाणता गवंडी मिळवायला मला पाच महिने लागले. चुना भिजवून मुरवायचा, त्यात वाळू, सुरखी म्हणजे विटांची पूड, ताग आणि गूळ-हिरड्याचं पाणी. एक थर आवळला की मगच दुसरा. चुना हवेतला कर्बवायू शोषत सावकाश घट्ट होतो, त्यामुळे घाई चालत नाही. काम दिवाळीनंतरच काढावं. मजुरी मला जवळजवळ दुप्पट पडली. वर प्लॅस्टिक रंग लावायचा नाही, फक्त सफेती. हे सगळ्यांना जमेलच असं नाही.

पण आता चार पावसाळे झाले. ओल अजूनही येते, हातभरच, आणि मार्गशीर्षापर्यंत वाळून जाते. सफेती थोडी उडते, भिंत जागची हलत नाही.

कृष्णेच्या घाटावरच्या ढोल्या गणपतीची मागची भिंत मत्स्याकार आहे, पुराचं पाणी दुभागून जावं म्हणून. 1762 साली पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलेलं ते देऊळ पाहिलं की वाटतं, त्या काळच्या गवंड्यांनी पाण्याला अडवण्यापेक्षा वाट करून द्यायचं ठरवलं होतं. चुन्याचा गिलावा त्याच समजुतीतला वाटतो.

तुमचं घर पन्नासेक वर्षांतलं, पक्क्या विटांचं आणि सिमेंटच्याच जोडाईचं असेल, तर चुन्याच्या मागे लागू नका. न्हाणीघरात मीही सिमेंटच ठेवलं आहे. माती, भेंडा वीट आणि लाकूड असेल तर मात्र, निदान एका भिंतीपुरता तरी, चुना करून पाहा असं मी सुचवेन. यंदा दिवाळीनंतर परसाकडच्या भिंतीवरचं सिमेंट उतरवतो आहे; गवंड्याला आत्तापासूनच सांगून ठेवलंय.