ऑप्शन फॉर्म भरून देणाऱ्याने आमची पहिली फेरी कशी खाल्ली

2025 च्या जूनमध्ये एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेच्या पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाचा निकाल लागला आणि आमच्या मुलीला 93 च्या थोडे वर पर्सेंटाइल मिळाले. गुणपत्रकावर दशांशचिन्हापुढे सात अंक असतात. त्या आठवड्यात आम्ही ते इतक्या वेळा पाहिले की मला ते अजून तोंडपाठ आहेत. 93 पर्सेंटाइल म्हणजे 93 टक्के गुण नव्हेत, तिच्या सत्रात परीक्षेला बसलेल्यांपैकी सुमारे 93 टक्के मुलांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण पडले एवढाच त्याचा अर्थ, हे मला तेव्हा नीट उमगलेले नव्हते. नातेवाइकांना मी फोनवर 93 टक्के सांगत होतो, ते अभिनंदन करीत होते आणि मुलगी उठून आतल्या खोलीत जात होती. तिला पुण्यात संगणक अभियांत्रिकी करायची होती, आणि सीओईपी या पुण्यातील नामांकित अभियांत्रिकी संस्थेच्या त्या शाखेला खुल्या प्रवर्गातून 99 च्या खाली काही मिळत नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक होते. त्यातच दुसऱ्या सत्रात परीक्षा दिलेल्या तिच्या मैत्रिणीला दोन गुण कमी असूनही पर्सेंटाइल किंचित जास्त आले. सत्रागणिक काठिण्य वेगळे असल्याने असे होऊ शकते, पण घरात त्या दिवशी कोणी जेवले नाही.

अशा मनःस्थितीत आम्ही साताऱ्याहून पुण्यातल्या एका ॲडमिशन सल्लागाराकडे गेलो. क्लासच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटात कोणीतरी त्याचा क्रमांक टाकला होता. दुसऱ्या मजल्यावरील दोन खोल्यांचे कार्यालय, भिंतीवर हसऱ्या मुलामुलींची छायाचित्रे आणि प्रत्येकाखाली एखाद्या मोठ्या महाविद्यालयाचे नाव. त्याने मुलीला एकही प्रश्न विचारला नाही. मला मात्र नोकरी किती वर्षे राहिली आणि फंडातून उचल मिळते का, हे विचारले. मग म्हणाला, “साहेब, मार्कांपेक्षा फॉर्म भरण्यात खरी मेख आहे. ती आमच्यावर सोडा.” मार्गदर्शनाचे 35,000 रुपये ठरले. शिवाय एका नामांकित खासगी महाविद्यालयात मॅनेजमेंट कोट्यातली संगणकाची जागा धरून ठेवण्यासाठी 1,00,000 रुपये टोकन. टोकनचे पैसे मी यूपीआयने पाठवले, तेव्हा पडद्यावर भलत्याच बाईंचे नाव आले. “मिसेसचे खाते आहे,” असे तो म्हणाला आणि मी पिन टाकला. पावती 35,000 चीच मिळाली, तीही कोऱ्या कागदावर गोल शिक्का मारलेली.

त्यानंतर त्याने सीईटीच्या संकेतस्थळावरील मुलीचे लॉगिन आणि पासवर्ड मागितला. कॅप, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या फेरीसाठी ऑप्शन फॉर्ममध्ये महाविद्यालये आणि शाखा पसंतीक्रमाने लावायच्या असतात, ते काम त्याची माणसे करणार होती. मुलगी नको म्हणाली होती. मीच तिला गप्प केले. फॉर्म लॉक करताना तिच्या मोबाइलवर आलेला ओटीपीही मीच फोनवरून वाचून दाखवला.

जुलै संपता संपता पहिल्या फेरीचे वाटप जाहीर झाले. मुलीला पुण्यापासून बऱ्याच अंतरावरील, आम्ही नावही न ऐकलेल्या एका महाविद्यालयात जागा मिळाली होती आणि शेरा होता ऑटो फ्रीझ. त्या वर्षीच्या नियमानुसार पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली, तर ती घ्यावीच लागते; घेतली नाही तरी कॅपच्या पुढच्या फेऱ्यांतून उमेदवार बाद होतो. फॉर्मची प्रत उघडली तेव्हा पहिल्याच ओळीत त्या महाविद्यालयाचा कोड होता, आणि आम्ही वहीत लिहून दिलेली महाविद्यालये सातव्या ओळीपासून सुरू होत होती. तिथल्या मागील वर्षीच्या कटऑफपेक्षा, म्हणजे शेवटच्या प्रवेशाच्या पर्सेंटाइलपेक्षा, मुलीचे पर्सेंटाइल कितीतरी वर असल्याने ती जागा तिला मिळणार, हे फॉर्म भरणाऱ्याला पक्के ठाऊक असले पाहिजे. चौकशीला आम्ही त्या महाविद्यालयात गेलो, तेव्हा तिथल्या एका कर्मचाऱ्याने सहज बोलता बोलता विचारले, “तुम्ही कोणत्या एजंटकडून?” रिकाम्या जागा भरून देण्याबद्दल तिकडूनही पैसे मिळतात, हे तेव्हा कळले.

सल्लागाराचे म्हणणे असे की, काळजी नको, टोकनची जागा आहेच; फक्त तिचा भाव आता वाढला आहे. मी थेट त्या नामांकित महाविद्यालयात गेलो. प्रवेश विभागातील बाईंनी फलकावरची सूचना दाखवली. खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांत जास्तीत जास्त 20 टक्के जागा संस्था स्तरावर, म्हणजेच मॅनेजमेंट कोट्यातून, भरल्या जातात, पण त्यांचीही जाहिरात निघते, अर्ज घेतले जातात आणि गुणवत्तायादी लागते. आमच्या मुलीच्या नावाचा अर्जच कोणी केलेला नव्हता. त्या संध्याकाळपासून सल्लागाराचा फोन बंद लागू लागला.

पोलीस ठाण्यात जायला मी 19 दिवस लावले, आणि त्याचे कारण लिहायला मला आजही संकोच वाटतो. मंजूर शुल्काबाहेर देणगी घेण्यास महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने बंदी आहे, हे ऐकून मला वाटले की टोकन देणारा मीही आरोपीच ठरेन. अशी माणसे नेमक्या याच भीतीवर जगतात. प्रत्यक्षात ठाण्यातल्या अधिकाऱ्याने पहिला प्रश्न विचारला तो एवढाच, की पैसे गेल्याबरोबर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन का केला नाही. लगेच कळवल्यास समोरच्या खात्यातील रक्कम गोठवण्याची शक्यता असते. 19 दिवसांनंतर त्या खात्यात 212 रुपये होते.

ज्यासाठी आम्ही 35,000 मोजले, ती माहिती ही परीक्षा घेणाऱ्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर फुकट उपलब्ध आहे. तिथल्या मागील वर्षांच्या कटऑफ याद्या मुलीने नंतर एका रविवारी वाचून काढल्या. तिच्या पर्सेंटाइलला पुण्यातील दोन बऱ्या महाविद्यालयांत इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार शाखा मागील वर्षी मिळाली होती, आणि ती दोन्ही आमच्या वहीत होती. कॅप संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी तिने स्वतः अर्ज केले आणि त्यांतल्या एका ठिकाणी, दुसऱ्या शाखेत, तिला प्रवेश मिळाला.

तक्रारअर्जाची पोच माझ्याकडे आहे. मागच्या महिन्यात जबाबासाठी पुण्याला गेलो असता त्या इमारतीच्या जिन्यापर्यंत जाऊन आलो. दुसऱ्या मजल्यावर करिअर मार्गदर्शनाचा नवा फलक लागला आहे, नाव वेगळे आहे, खालचा मोबाइल क्रमांक मात्र तोच आहे.