कपाटातली दुसरी किल्ली

गाडी गेली तेव्हा ना काच फुटली, ना अलार्म वाजला. सकाळी बघतो तर जागा रिकामी. रात्री लॉक केल्यावर हँडल ओढून बघायची माझी सवय आहे, त्या रात्रीही बघितलं होतं.

पोलिसांत तक्रार देताना मी छातीठोकपणे सांगितलं, दोन्ही किल्ल्या माझ्याकडेच आहेत. नंतर विमा कंपनीने त्या मागितल्या म्हणून कपाटातून दुसरी किल्ली काढली आणि हातपाय गार पडले. मुलगी लहान असताना तिने त्या किल्लीचा कोपरा चावला होता. प्लास्टिकवर दोन दातांच्या बारीक खुणा होत्या. हातातल्या किल्लीचा कोपरा गुळगुळीत होता. उघडून बघितली तर नुसतं कव्हर, आत काहीच नाही.

गाडी विकायला काढली होती. तीन आठवड्यांपूर्वी एक गृहस्थ बघायला आले होते. बोलणं मृदू, प्रश्न नेमके. "दुसरी किल्ली आहे ना? नवीन करायची म्हणजे बराच खर्च येतो." जाणकार गिऱ्हाईक हे विचारतंच, म्हणून मला काही वावगं वाटलं नाही. मी किल्ली दिली. त्यांनी बटण दाबलं, गाडीचे दिवे लुकलुकले. मग म्हणाले, जरा बॉनेट उघडता का? मी वाकून बॉनेटला दांडी लावत होतो तेवढ्यात काम झालं असणार. निघताना त्यांनी किल्ली माझ्या तळहातावर ठेवली, "घरी विचारून कळवतो" म्हणाले. मी ती न बघता कपाटात टाकली. घराचा पत्ता तर मीच दिला होता.

आजकालच्या गाड्यांमधला इमोबिलायझर किल्लीतल्या चिपचा कोड जुळल्याशिवाय इंजिन चालू होऊ देत नाही. त्यामुळे चोराला सगळ्यात सोपं काय, तर खरी किल्लीच मिळवणं. आणि जुन्या किल्ल्यांसाठी रिकामी कव्हरं सुटी विकत मिळतात, हुबेहूब तशीच.

गिऱ्हाइकाला दुसरी किल्ली दाखवा, बटणही दाबून दाखवा, पण स्वतःच्या हाताने. हातात दिलीच, तर तो जायच्या आधी त्याच किल्लीने इंजिन चालू करून बघा. बटणावर चालू होणारी गाडी असेल तर पहिली किल्ली तेव्हा लांब ठेवा. नाहीतर खिशातल्या किल्लीवर गाडी चालू होईल आणि तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे.

बदलल्याची शंका आली तर त्याच दिवशी सर्व्हिस सेंटर गाठा. हरवलेली किल्ली गाडीच्या मेमरीतून काढून टाकता येते. असतील तेवढ्या किल्ल्या आणि गाडीचे कागद सोबत न्या. मात्र किल्लीला धातूचं पातं असेल तर दार त्याने उघडतंच, म्हणून लॉकही बदलून घ्या. तोवर स्टिअरिंगला बाहेरून दिसणारं लॉक लावा. त्या तीन आठवड्यांत माझ्या स्टिअरिंगला एवढं जरी असतं, तरी त्यांना ते कापत बसावं लागलं असतं.

मला पुरवणी जबाब द्यावा लागला. आधी दोन्ही किल्ल्या आहेत म्हणालात, आता एक खोटी म्हणता, हा प्रश्न मला तीनदा विचारला गेला. विम्याचा दावा अजून अडकून आहे. त्या गृहस्थांचा नंबर बंद लागतो.

तुमची दुसरी किल्ली कुठे आहे? आज संध्याकाळी ती काढा, पहिली घरातच ठेवा आणि गाडी चालू होते का बघा.