ग्रॅव्हल सायकलसाठी फ्रान्स: मोर्वां की केर्सी?

ग्रॅव्हल सायकल म्हणजे कच्च्या रस्त्यांवरही चालणारी, रुंद टायरची सायकल. ती घेऊन फ्रान्सच्या या दोन भागांपैकी कुठे जावं? चढ आणि जुनी गावं दोन्हीकडे आहेत. पण चाकाखालची जमीन वेगळी, आणि फरक तिथूनच सुरू होतो.

बरगंडीतलं मोर्वां ग्रॅनाइटचं. दाट जंगल, लाकूड वाहून नेण्यासाठी काढलेले कच्चे रस्ते, मधूनच एखादा तलाव. सर्वांत उंच माथा जेमतेम 901 मीटरचा, पण चढ-उतार संपतच नाहीत. पाऊस झाला की चिखल चाकांना सोडत नाही. 45 मिमीचे टायर हवेतच. उत्तरेला टेकडीवर वेझले गाव. 1146 मध्ये दुसऱ्या धर्मयुद्धाची हाक इथे दिली गेली.

दक्षिणेतलं केर्सीचं पठार चुनखडीचं: पांढरी खडी, खुरटे ओक, चुना-माती न वापरता रचलेले दगडी बांध. पाणी झटकन मुरतं, म्हणून वाट लवकर वाळते. पण पठारावर ओढा सापडणं मुश्कील. एक बाटली जास्तीची ठेवा. वर आरामात चालवाल, पण लॉत नदीच्या खोऱ्यात उतरलात की ते सगळं परत चढायचं. कड्यावरचं सें-सिर्क-लापोपी गाव तर घाम काढतं (आणि सुट्टीत गर्दीने वैतागही आणतं). जवळच्या पेश-मेर्ल गुहेत हिमयुगात भिंतीवर काढलेले ठिपकेदार घोडे आहेत, प्रतिकृती नव्हे, अस्सल चित्रं. आत मोजक्याच लोकांना सोडतात. तिकीट आधी काढा.

मी केर्सी निवडेन, मे किंवा सप्टेंबरात. जुलै-ऑगस्टमध्येच रजा मिळत असेल, तर मोर्वांची सावली बरी.