रोजच्या आमटीत सैंधव की आयोडीनयुक्त मीठ?
रिपोर्टमध्ये थायरॉईड मंद निघाला की अनेक घरांत आधी मीठ बदलतं: पांढरं जातं, गुलाबी सैंधव येतं. उपवासाला सैंधव ठीक, पण रोजच्या आमटीत मला ते पटत नाही. त्यात थायरॉईडला लागणारं आयोडीन नगण्य. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदरपणी २५०. दुकानातल्या आयोडीनयुक्त मिठात किलोमागे किमान १५ मिलिग्रॅम असावं, असा नियम आहे. मात्र बरणीचं झाकण घट्ट हवं आणि मीठ आमटी उतरवताना घालावं. उकळत राहिलं की काही आयोडीन उडतं.

हाशिमोटोमुळे (शरीराची प्रतिकारशक्तीच थायरॉईडवर उलटते, त्या आजारामुळे) ग्रंथी मंदावली असेल, तर कुठलंच मीठ थायरॉईडच्या गोळीची जागा घेत नाही. जादा आयोडीनने त्रास वाढूही शकतो. गोळी सकाळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा अर्ध्या-एक तासाने.