मटण स्ट्रीटची दुर्बीण आणि वेताळाची पालखी

मुंबईच्या चोरबाजारातल्या मटण स्ट्रीटवरून जुनी १० x ५० दुर्बीण घेतली, घासाघीस करून १८०० रुपयांना. कशासाठी, ते सांगितलं तर हसाल. माझं आजोळ गोराईचं. अवसेच्या रात्री समुद्रावर दिवा हलायचा, कधी लाल, कधी हिरवा. आजी म्हणायची, "बघू नको, वेताळाची पालखी हाय."

या अवसेला गच्चीच्या कठड्यावर कोपरं टेकून बघितलं. आधी लाल, मग लाल-हिरवा जोडीने, मग नुसता हिरवा. बोटीच्या डाव्या अंगाला लाल दिवा असतो, उजव्याला हिरवा. पालखी नव्हे, बोट वळत होती!

लांबचा एक पांढरा दिवा मात्र नुसत्या डोळ्यांना चक्क नाचताना दिसला. माडाच्या खोडाच्या रेषेत धरला तर जागचा हलेना. काळोखात एकट्या ठिपक्याकडे टक लावली की तो सरकल्यासारखा वाटतो, इतकंच. टेक्सासमधल्या मार्फाचे भुतदिवे २००४ मध्ये विद्यार्थ्यांनी तपासले, तेव्हा हायवेवरच्या गाड्यांचे हेडलाइट निघाले.

आता वस्तूबद्दल. ५० मिलिमीटरची भिंगं अंधारात भरपूर उजेड गोळा करतात, पण दहापट मोठं दिसतं तशी हाताची थरथरही दहापट दिसते, टेकू हवाच. उजव्या भिंगात बुरशीचं कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं नक्षीकाम आहे, दुकानदार म्हणाला "धूळ आहे, पुसली की जाईल." पुसली, गेली नाही. घेताना उजेडाकडे धरून आत बघा. आणि पट्टा नवाच घ्या, जुन्याचं बक्कल पहिल्याच रात्री माझ्या हातात आलं.