सीबीटीची तयार वही : 349 रुपये, एक क्लायंट आणि एक बकरी

मी काउन्सेलर आहे, यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवडा-घाटंजीच्या पट्ट्यात काम करते. मागच्या खरिपात ऑनलाइन एक सीबीटीची (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी, म्हणजे विचार आणि वागणं तपासून मनाच्या त्रासावर बोलून करायचा उपचार) वर्कबुक मागवली, मराठीतली, 349 रुपये, वरून डिलिव्हरी वेगळी. नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण अशा चार-पाच वह्या पाहिल्या मी आणि सगळ्या एकमेकींच्या सख्ख्या बहिणी वाटतात. आमच्या गावात कुरियर येत नाही, तालुक्याला जाऊन आणावी लागली, तो अर्धा दिवस अन् बसचं तिकीट किमतीत धरा. एका क्लायंटसोबत सात बैठका वापरली, म्हणून म्हटलं रिव्ह्यू लिहून टाकू. त्यांना विचारून लिहितेय, आणि गाव, वय, घरचं सगळं बदललेलं आहे, उगाच ओळखायचा प्रयत्न करू नका.

दादा म्हणू त्यांना. कास्तकार, चार एकर कोरडवाहू, कपाशी आणि त्यात तुरीच्या ओळी. मृगाचा पाऊस आला म्हणून पेरलं, मग अठरा दिवस ऊन, दुबार पेरणी. झोप गेली, जेवण गेलं, पारावर बसणं बंद, कोणी हाक मारली की घरात. आशाताईंनी पाठवलं माझ्याकडे. पीएचक्यू-9 केलं, म्हणजे नैराश्य किती आहे ते पाहायला मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असतात, 27 पैकी स्कोअर, जितका जास्त तितका त्रास जास्त, त्यांचा 17 आला. नवव्या प्रश्नावर, मरणाच्या विचारांच्या, ते थांबले अन् म्हणाले, "येते कधी कधी मनात ताई, पण लेकरं दिसतेत." मग वही राहिली बाजूला. त्याच दिवशी त्यांच्या बायकोशी बोलले, फवारणीचं औषध भावाच्या घरी कुलपात गेलं, आणि दोन दिवसांत जिल्ह्याच्या ठिकाणी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं, गोळ्या सुरू झाल्या.

इथेच वहीची पहिली तक्रार. या विषयावर आख्ख्या वहीत एक ओळ आहे, शेवटून दुसऱ्या पानावर, "गरज वाटल्यास तज्ज्ञांशी संपर्क साधा". कोणत्या तज्ज्ञांशी? कुठी? 2022 पासून टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात, तो छापायला किती शाई लागली असती? मी घरी प्रिंट काढून पहिल्या पानावर चिकटवला.

दुसरी तक्रार मोठी आहे आणि तीच मला खरी सांगायची आहे. वहीचं मुख्य पान म्हणजे विचार-नोंद, सात रकाने. तिसऱ्या रकान्यावर छापलंय "तुम्हाला काय वाटले?", म्हणजे भावना. चौथ्यावर "त्या क्षणी तुम्हाला काय वाटत होते?", म्हणजे विचार. आता मला सांगा, हे भाषांतर करणाऱ्याने एकदा तरी मोठ्याने वाचलं असेल का? सीबीटीचा सगळा डोलाराच यावर उभा आहे की घटना वेगळी, तिच्यावरून डोक्यात आलेला विचार वेगळा, आणि त्या विचारामुळे झालेली मनाची अवस्था वेगळी. आणि मराठीत आपण "वाटतं" हा एकच शब्द दोन्हीला वापरतो. लोक हसतील असं वाटतं, आणि कसंतरी वाटतं. एक विचार, एक भावना, क्रियापद तेच. दादांनी दोन्ही रकान्यांत "लोकं हासतेत" लिहिलं आणि मला विचारलं, "ताई, तेच दोन डाव काहून लिहाचं?" बरोबरच आहे ना त्यांचं.

मी दोन आठवडे यावर अडकले, खोटं कशाला बोलू. "विचार आणि भावना यांतला फरक" वगैरे समजावून पाहिलं, ते मान हलवायचे, पण ती मान मला माहीत आहे, बँकेच्या साहेबासमोर हलवतात तीच. मग एक दिवस त्यांनीच बोलता बोलता सोडवलं. कृषी केंद्रात गेले होते, तिथल्या माणसाने राम राम केला नाही. मी विचारलं मग काय झालं? म्हणाले, "डोक्यात आलं का याले समजलं माही पेरणी गेली अन् उधारी बुडणार, अन् जीव असा बारीक झाला." घ्या! डोक्यात काय आलं आणि जीव कसा झाला. त्या दिवसापासून मी रकान्यांची नावं पेनाने खोडून हीच लिहिते. जीव बारीक झाला, घाबरा झाला, जीव लागत नाही, सगळं बसतं त्यात.

अ‍ॅरन बेक या सीबीटी सुरू करणाऱ्या अमेरिकन डॉक्टरांनी 1960च्या दशकात हेच पकडलं होतं, की माणूस तोंडाने एक सांगत असतो आणि आत दुसरंच काहीतरी भरभर चालू असतं, ते त्याला स्वतःलाही धड ऐकू येत नाही. त्यांचा इतिहास वहीने सहा पानं दिलाय. सहा पानं, आणि रकान्याच्या मथळ्याला अर्धा मिनिट नाही.

उदाहरणं तर विचारूच नका. "बॉसने ईमेलला उत्तर दिले नाही", "पार्टीत कुणी माझ्याशी बोलले नाही". मन प्रसन्न करणाऱ्या गोष्टींची यादी आहे, त्यात कॉफी शॉप आणि पाळीव कुत्र्याला फिरवणे. दादा हसले त्यावर, पहिल्यांदाच हसले, म्हणून तेवढे दोन मार्क वहीला द्यावेच लागतील. (कुत्रा आहे त्यांच्याकडे, पण तोच त्यांना वावरात फिरवतो.) मात्र यादीमागची गोष्ट खरी आहे हं, मन बरं झाल्यावर काम करू असं थांबायचं नाही, छोटं काम आधी करायचं, मन मागून येतं. आम्ही आमची यादी केली. पोळा जवळ होता. आदल्या दिवशीची खांदशेकणी मागच्या वर्षी लहान भावाने केली होती, दादा उठलेच नव्हते. या वेळी एवढंच ठरवलं, बैलांच्या खांद्याला हळद-लोणी स्वतःच्या हाताने लावायचं आणि "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या" स्वतःच्या तोंडाने म्हणायचं. केलं. पुढच्या बैठकीत सांगताना ते तळहात बघत होते, म्हणाले बैलाने मान खाली केली. मी काहीच लिहिलं नाही त्यावर, रकाना नव्हताच.

पाचवा रकाना "पुरावा". विचार खरा आहे याचा पुरावा, खोटा आहे याचा पुरावा. वाचायला छान. पुढच्या आठवड्यात दादा पिशवी घेऊन आले आणि टेबलावर सातबारा, सोसायटीचं पासबुक, बियाण्याची पावती, सगळं मांडलं. पुरावा म्हटलं की आपल्याकडे तलाठी आणि कोर्ट, दुसरं काही नसतं. मला आधी हसू आलं आणि मग वाईट वाटलं, कारण तो कागद बरोबरच होता. कर्ज आहे. तो विचारातला दोष नाही, ती रक्कम आहे. वही सरसकट सगळ्या विचारांना चॅलेंज करायला लावते, पण कर्जाला काय चॅलेंज करणार? तिथे सोसायटीत कर्जाच्या पुनर्गठनाचं विचारायला जाणं हे काम. आणि "सगळं गाव मायावर हासते" हा विचार वेगळा, तो तपासता येतो. दोन्ही वेगळे काढायला मी "पुरावा" शब्द टाकून दिला आणि विचारलं, "दादा, हे पाहिलं का, का मनानं धरलं?"

मग तपासायला पाठवलं पारावर. दहा मिनिटं बसायचं, चहा घ्यायचा, किती जण पेरणीचं बोलतात आणि किती जण हसतात ते मोजायचं. आले मोजून. पेरणीचं सहा जण बोलले, त्यातल्या चौघांची स्वतःचीच दुबार होती. हसलं कोणी नाही. एकाने टोमणा मारला, तोही मोजला त्यांनी, प्रामाणिकपणे.

टक्क्यांचा रकानाही फेल. "भावनेची तीव्रता 0 ते 100". त्यांना काही केल्या टक्के सांगता येईनात, मग मी म्हटलं आणेवारी सांगा. पिकाची आणेवारी, म्हणजे रुपयात किती पैसे पीक आलं तो अंदाज, कास्तकाराच्या तोंडातच असते, पन्नास पैशांच्या खाली गेली की वर्ष वाईट, हे काही शिकवावं लागत नाही. पहिल्या दिवशी मनाची आणेवारी तीस पैसे. पोळ्याला पंचावन्न. नंतर पुन्हा चाळीस झाली, बोंडअळी दिसली तेव्हा. सरळ वर जाणारी रेघ फक्त वहीतल्या आलेखात असते.

आता बाइंडिंग-कागद वगैरे. कागद चकचकीत, त्यावर बॉलपेन घसरतो आणि जेल पेन घामाच्या हाताने फैलतो. आणि कव्हर! भल्या मोठ्या अक्षरात "नैराश्य". अशी वही गावातल्या घरात ठेवणार कुठे, पोरगा वाचतो, सोयरे येतात. दादांनी ती कोठ्यात ढेपेच्या पोत्यामागे लपवली आणि बकरीने कोपरा खाल्ला, गृहपाठाच्या दोन नोंदींसकट. त्यानंतर त्यांनी स्वतःच बाजारातून हिशेबाची लाल चोपडी आणली, डावीकडे डोक्यात आलेलं, उजवीकडे जीव, खाली आणेवारी. कोणी पाहिलं तर हिशेबच दिसतो.

सातव्या बैठकीला स्कोअर 9 झाला. याचं श्रेय वहीला देऊ नका, मलाही देऊ नका, गोळ्या चालू होत्या, पाऊस आला, तूर बरी राहिली, बायको रोज सोबत बसली. पण एवढं म्हणेन की पद्धत इथे चालते. अमरावती जिल्ह्यातल्या 30 गावांत विश्राम प्रकल्प झाला तेव्हाही गावपातळीवरच्याच लोकांना शिकवून नैराश्याचं काम उभं केलं होतं, त्यामुळे खेड्यात हे समजणार नाही असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

पाचपैकी अडीच. नवीन काउन्सेलरला स्वतःच्या तयारीसाठी घ्यायला हरकत नाही, शेवटची विचारांतल्या चुकांची पानं, म्हणजे दुसऱ्याच्या मनातलं ओळखल्यासारखं करणं, एका गोष्टीवरून सगळं संपलं म्हणणं, ती खरंच नीट लिहिली आहेत. क्लायंटच्या हातात मात्र देऊ नका. मी परत करायचा विचार केला होता, पण दहा दिवसांची मुदत केव्हाच संपली, आणि तो कोपरा पाहून घेतलीही नसती कोणी.