एअर ड्राय (हवेत सुकवलेलं) म्हणून भट्टीतलं लाकूड गळ्यात मारलं, ७३० डॉलर गेले

जुन्या कॅनव्हासच्या कनूचं (कॅनव्हास चढवलेल्या लाकडी होडीचं) काम करणाऱ्यांनो, "१८ फूट अखंड व्हाइट ॲश, एअर ड्राय, स्टीम बेंडिंगला तयार" (म्हणजे वाफेवर वाकवायला तयार ॲशचं लाकूड) अशी जाहिरात दिसली तर आधी हे वाचा, मग पैसे पाठवा.

मी घाई का केली म्हणाल तर १६ फुटी कनूच्या गनेलसाठी (वरच्या काठासाठी) बिनजोडाच्या १८ फुटी पट्ट्या एकदा शोधून बघा. वखारीत १६ फुटांच्या पुढे सहसा काही नसतं, त्यात अमेरिकेत २००२ मध्ये सापडलेल्या हिरव्या भुंग्याने ॲशची झाडं पार खाऊन टाकलीयत, आणि माझी जुनी गनेल काढून झालेली, म्हणजे कनूचा आकार धरून ठेवायला काही उरलंच नव्हतं. अशा वेळी माणूस पैसे पाठवतो. शहाणपणा शिकवू नका.

लाकूड ३८०, ट्रकभाडं २६५, आणि आयत्या वेळी "पॅकिंग"चे ८५. सगळं बँकेच्या ॲपवरून थेट ट्रान्सफर, कारण विकणारा म्हणे, "कार्डावर मला कट बसतो". पुढची गोड भाषा तुम्हाला पाठ असेलच.

पण डोकं फिरतं ते एका फोटोने. ओलावा दाखव म्हटलं तर त्याने पट्टीच्या टोकात मॉइश्चर मीटर खुपसलेला फोटो पाठवला, २२%, म्हणजे वाकवायला पुरेसं ओलं, आणि मी खूश! अरे, टोक तर सगळ्यात आधी सुकतं, आत २२ असेल तर टोकाला कमी यायला पाहिजे, आणि हे टोक काळपट, बादलीतून नुकतं काढल्यासारखं. मीटरच्या पिना पट्टीच्या मधे का नाही लावल्या, एवढं विचारलं असतं तरी बास होतं. हेच मी दुसऱ्यांना सांगत असतो, म्हणून जास्त जळतं.

इंचाला तास या हिशोबाने पाऊण इंचाला पाऊण तास वाफ, वर थोडी जास्तच. कनूच्या टोकाच्या वळणावर पट्टी वाकवायला घेतली आणि बाहेरच्या अंगाने तडकून कुसळं निघाली. दुसरीही तशीच. मग मधोमध कापून मीटर लावला, ७%. सरळसरळ किल्नमधलं, म्हणजे भट्टीत सुकवलेलं, ते वाफेवर नीट वाकत नाही. वर लाकडाच्या रेषा तिरक्या, काठातून बाहेर पळालेल्या.

बँक म्हणते ट्रान्सफर तुम्हीच मंजूर केलं आणि माल मिळालाय. पोलीस म्हणतात दिवाणी मामला. त्याच्या राज्यातल्या पोलिसांना फोन केला तर त्यांनी परत इकडेच ढकललं. ग्राहक तक्रारीचा फॉर्म भरला, उत्तर काय, तर तक्रार नोंदवली, एकेकट्याची प्रकरणं आम्ही सोडवत नाही. मग कुणाची सोडवता? तडकलेली पट्टी पोलीस ठाण्यात नेऊन दाखवली तर साहेब म्हणे, "लाकूडच आहे की हे." अहो, मी सरपण नव्हतं मागवलं!

मीटर लावायचा तो पट्टीच्या मधल्या ताज्या कापावरच, तोही कापतानाच्या व्हिडिओत. १५ इंचात रेष इंचापेक्षा जास्त सरकली तर सोडा. कार्ड घेत नसेल तर बोलूच नका. आणि अखंड मिळत नसेल तर छोट्या पट्ट्यांना १:८ चा तिरपा सांधा करा, पण वाफ आधी, एपॉक्सी नंतर, आणि सांधा सरळ भागात. मी आता तेच करतोय. त्या भामट्याचं शेवटचं उत्तर होतं, "तुमच्या डब्यात वाफ कमी पडली असेल."